मधाचे बोट कोणाला लावायचे?

नगर-जामखेड रस्त्यावरच्या कडा गावात बाजाराच्या दिवशी कधीतरी हे दृश्य दिसते. रस्त्याच्या कडेला एक जण स्टीलची बादली घेऊन बसलेला असतो. बादलीत काळपट तांबूस मध, त्यावर पोळ्याचा एक तुकडा आणि तुकड्याला चिकटलेल्या चार-दोन मेलेल्या माश्या. पोळे पाहिले की गिऱ्हाइकाची खात्री पटते. "आत्ताच झाडावरून उतरवलाय, वास घेऊन बघा," एवढे ऐकले की पाव किलोची बाटली भरली जाते.

घेणारे चार प्रकारचे असतात. एकीच्या पाच वर्षांच्या मुलाला रात्रभर खोकला आहे. एकाला सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेऊन पोट उतरवायचे आहे. एकाला 'शुगर' आहे; साखर बंद झाली म्हणून चहात मध घालायचा आहे. आणि एक आजी आहे. सून दवाखान्यात बाळंत झाली आहे आणि दोन दिवसांच्या नातवाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा आहे.

बादली एकच, पण या चौघांना मिळणारे फळ वेगळे. खोकणाऱ्या मुलाला मधाचा खरोखर उपयोग होईल. पोट उतरवणाऱ्याला काही मिळणार नाही. मधुमेह असलेल्याचे नुकसान होईल. आणि दोन दिवसांच्या बाळाच्या तर जिवालाच धोका आहे. तरीही मधाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: मध असली की नकली? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मध कोणासाठी?

माशी कोणती, फूल कोणते

फुलातला मकरंद म्हणजे मध नव्हे. मकरंद बहुतांशी पाणी आणि साखर असतो. माशी तो पोटातल्या खास पिशवीत भरून आणते. तिच्या शरीरातल्या विकरांमुळे त्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मग पोळ्यात माश्या पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवतात. पाणी साधारण १८ ते २० टक्क्यांवर आले की पोळ्याचे घर मेणाने बंद केले जाते. म्हणजे माश्यांच्या हिशेबाने मध पिकला. असा पिकलेला मध वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्यात जंतूंना वाढायला पुरेसे मोकळे पाणीच नसते आणि तो आम्लधर्मी असतो. पोळे पिकण्याआधीच पिळले तर मधात पाणी जास्त राहते. तो काही दिवसांत फसफसतो आणि आंबूस वास मारू लागतो. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या 'ताज्या' मधाचे अनेकदा हेच होते. हाताने पिळलेल्या पोळ्यात अळ्या आणि पराग दोन्ही चिरडले जातात, तेही त्या बाटलीत उतरते.

महाराष्ट्रात मध देणाऱ्या माश्या मुख्यतः पाच. उंच झाडाला, पुलाखाली किंवा पाण्याच्या टाकीला भले मोठे एकच पोळे लटकवणारी आग्या माशी सर्वांच्या ओळखीची. तिचा डंख आणि तिचा राग दोन्ही मोठे. बोरी-बाभळीच्या झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. तिचा मध थोडाच. झाडाच्या ढोलीत, अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी. सह्याद्रीतल्या पेट्यांत हीच पाळतात. युरोपातून आलेली मेलिफेरा मैदानी भागातल्या पेट्यांत दिसते. आणि डंख नसलेली चिमुकली पोयाची माशी, जिचा मध आंबटसर असतो.

माशीइतकेच महत्त्व फुलाला. महाबळेश्वर परिसरातला मध जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचा. सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते तेव्हा कारवीचा. याच भागातले मांघर हे गाव मे २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था काम करते आहे. मधाचे नाव काढले की महाबळेश्वर आठवते, ते या परंपरेमुळे.

पण आष्टी तालुक्यासारखा कोरडवाहू भागही मधाला अगदीच पारखा नाही. बाभूळ, कडुनिंब, बोर, करडई, सूर्यफूल आणि कांद्याचे डोंगळे ही इथली मधाची फुले. कडा ही तर कांद्याची बाजारपेठ. डोंगळ्यांच्या गोंड्यांवर माश्या बसल्या नाहीत तर कांद्याचे बी नीट भरत नाही, हे बी धरणाऱ्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. फुलोऱ्यात भर सकाळी फवारणी केली की त्या माश्या मरतात आणि बियाणेही हातचे जाते.

प्रत्येक फुलाचा मध रंगाने, वासाने, चवीने वेगळा. जांभळाचा गडद आणि किंचित तुरट-कडू, सूर्यफुलाचा पिवळा. गडद मधात प्राणिलरोधक द्रव्ये फिक्या मधापेक्षा साधारणपणे जास्त असतात, हे खरे. पण दिवसाला चमचाभर मधातून मिळणारे प्रमाण इतके थोडे, की भाजी-भाकरीसोबत खाल्लेल्या एखाद्या पेरूपुढे ते काहीच नाही. म्हणून मधाचा प्रकार चवीसाठी निवडावा. 'हा मध हृदयाला, तो मध सांध्यांना' अशा वाटणीला आधार नाही.

पाण्याचा पेला आणि काडीची ज्योत

मध असली आहे का हे पाहण्याच्या घरगुती परीक्षा पुष्कळ आहेत. पाण्यात थेंब टाकला तर तळाशी बसला पाहिजे. कापसाची वात मधात बुडवून पेटली पाहिजे. अंगठ्यावर थेंब पसरता कामा नये. टिपकागदावर डाग उमटता कामा नये. कुत्र्याने चाटता कामा नये. यातल्या बहुतेक परीक्षा मोजतात एकच गोष्ट, मध किती घट्ट आहे आणि त्यात पाणी किती. तांदूळ, मका किंवा बीटपासून केलेला साखरेचा पाक पुरेसा घट्ट असला की तोही या सगळ्यांत पास होतो. उलट पावसाळ्यात हवेतली ओल शोषलेला अस्सल मध नापास होऊ शकतो. आणि कुत्र्याच्या आवडीनिवडीवर अन्नाची शुद्धता ठरत नाही.

तसाच गैरसमज मध गोठण्याचा. थंडीत बाटलीच्या तळाशी रवाळ थर बसला की 'साखर घातली होती, ती खाली बसली' म्हणून बाटली फेकली जाते. प्रत्यक्षात रवे धरणे हा मधाचा स्वभाव आहे. ज्या मधात ग्लुकोजचे प्रमाण जास्त तो लवकर गोठतो. सूर्यफूल आणि मोहरीचा मध यात आघाडीवर. बाटली कोमट पाण्यात ठेवली की रवे विरघळतात. विस्तवावर तापवू नये. आयुर्वेदाने मध तापवू नये असे सांगितले आहे. आधुनिक अन्नशास्त्रही मध फार तापवला की त्याची विकरे आणि वास जातो आणि एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते असे सांगते. कोमट पाण्यात मध घातल्याने मात्र त्याचे विष होत नाही.

मग खरी भेसळ कशी ओळखायची? घरी ओळखता येत नाही, हेच प्रामाणिक उत्तर. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासले, तेव्हा सर्व चाचण्यांना उतरले फक्त तीन. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण त्या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. अनेक नमुने भारतातल्या नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते आणि जर्मनीत केलेल्या एनएमआर या प्रगत चाचणीत अडकले. अमेरिकेला पाठवायच्या मधासाठी हीच चाचणी २०२० पासून आपण सक्तीची केली आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी जी चाळणी लागते, ती कड्याच्या गिऱ्हाइकासाठी का नको, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तोवर खरेदी करताना एवढे तरी पाहावे: बाटली सीलबंद असावी, तिच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा, आणि शक्य असेल तर पेट्या ठेवणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून, कोणत्या फुलाचा, कोणत्या हंगामाचा हे विचारून घ्यावा. बादलीत पोळ्याचा तुकडा तरंगतो म्हणून खालचा पाक मध ठरत नाही.

गोड आहे, म्हणजे साखरच आहे

आता शुगरच्या गिऱ्हाइकाकडे वळू. मधात सुमारे ८० टक्के साखरच असते, तीही पचायला काही उरले नाही अशा सुट्या स्वरूपात. एका लहान चमच्यात सुमारे ७ ग्रॅम मध मावतो आणि त्यातून साधारण २१ कॅलरी मिळतात. त्याच चमच्यात साखर मावते ४ ग्रॅम आणि कॅलरी १६. म्हणजे चमच्याला चमचा लावला तर मध साखरेपेक्षा जास्तच भरतो. मध साखरेहून थोडा गोड लागतो म्हणून कमी पुरतो असे म्हणता येईल, पण घराघरांत असे मोजून कोणी घालत नाही. 'नैसर्गिक आहे' म्हणून हात उलट सैलच सुटतो.

यातली सगळ्यात महागडी समजूत जांभळाच्या मधाची. जांभळाची बी मधुमेहावर गुणकारी, म्हणून जांभळाचा मधही गुणकारी, असा हिशेब मांडून ही बाटली दुप्पट भावाने घेतली जाते. जांभळाचा मध बीपासून होत नाही, फळापासूनही होत नाही. तो जांभळाच्या फुलातल्या मकरंदाचा असतो. त्यातले ग्लुकोज रक्तात उतरते तेव्हा ते जांभळाचे की बाभळीचे हे शरीर विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही मधाची साखर 'मुक्त साखरे'तच मोजते आणि अशी सगळी साखर मिळून दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवा, असे सांगते. ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, तीही चहातली, पेढ्यातली, बिस्किटातली सगळी धरून. ज्या रोगाच्या नावातच मधु आहे, त्यात मधाला पथ्याचा मान देणे हा मोठाच विरोधाभास झाला.

मधुमेहात मधाचा खरा उपयोग एकच आणि तो अडचणीच्या वेळचा. इन्सुलिन किंवा गोळी घेतली, जेवण राहिले, अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तातली साखर घसरली आहे असे समजावे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर एक मोठा चमचा मध किंवा साखर लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. अशा वेळी थेट दवाखाना.

लिंबू-मधाच्या पाण्याने चरबी वितळते, हेही असेच. वजन उतरते ते त्या पाण्यामुळे कोणी सकाळचा साखरेचा चहा आणि फरसाण सोडले तर. मग श्रेय त्या सोडण्याचे. मधाच्या कॅलरी मात्र पोटात जमाच होतात.

खोकल्याला मध: आजीचे बरोबर

खोकल्याच्या बाबतीत मात्र आजीबाईच्या बटव्याने बाजी मारली आहे. इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. सर्दीने रात्री खोकणाऱ्या या मुलांना झोपण्याआधी १० ग्रॅम मध किंवा तसेच दिसणारे खजुराचे पाक दिले गेले. मध तीन वेगवेगळ्या फुलांचे होते. तिन्ही मधांनी खजुराच्या पाकापेक्षा खोकला जास्त कमी केला, मुले आणि आईबाप दोघेही जास्त झोपले. तीन मधांत आपसात मात्र विशेष फरक दिसला नाही. या अभ्यासाला तिथल्या मध मंडळाचाही निधी होता, हे लक्षात ठेवून वाचावे. पण जगभरच्या अशा अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये घेतलेला आढावाही तेच सुचवतो: मुलांच्या साध्या खोकल्यात काहीच न देण्यापेक्षा मध बहुधा बरा.

याला आज वेगळे महत्त्व आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित कफ सिरपने लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा सुचवली जात नाहीत. साधी सर्दी आपोआप बरी होते. तोवर वर्षापुढच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक लहान चमचा मध, भरपूर पाणी आणि ताजे अन्न एवढे पुरते. मध दिल्यावर चूळ भरायला लावावी, नाहीतर रात्रभर दातांना साखर चिकटून राहते.

पण या उपायाला मुदत हवी. दोन आठवड्यांपुढे खोकला राहिला तर मध, आले, अडुळसा यांत आणखी दिवस घालवू नयेत. थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि क्षयरोगाचे औषधही मोफत मिळते. ऊसतोडीला गेलेली माणसे सहा-सहा महिने धुळीत, धुरात आणि दाटीवाटीने राहतात. तिथे 'जुना खोकला आहे, मध घेतोय' असे म्हणत काढलेला एकेक महिना घरातल्या इतरांनाही महागात पडतो. ताप, धाप, छाती आत ओढली जाणे, थुंकीतून रक्त, यातले काहीही दिसले तर पहिल्याच दिवशी दाखवावे.

भाजलेल्या जखमेवर

मधाचा आणखी एक उपयोग महाराष्ट्राने जगाला दाखवला आहे, पण महाराष्ट्रातच तो फारसा कोणाला माहीत नाही. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त छापून आला. निम्म्यांना मधाचे ड्रेसिंग, निम्म्यांना त्या काळचे नेहमीचे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातल्या ७ टक्के. हे आकडे फारच ठळक आहेत आणि नंतरच्या संशोधकांनी अशा अभ्यासांच्या पद्धतीवर प्रश्नही उपस्थित केले. तरी दिशा बरोबर निघाली. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यानुसार मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमा मधाने काही पारंपरिक ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात. मधुमेहातल्या पायाच्या जखमांसारख्या इतर जखमांबद्दल मात्र असा भरवसा देता आलेला नाही.

याचा अर्थ बाजारातली बाटली जखमेवर ओतायची असा नाही. रुग्णालयात वापरायचा मध वेगळा असतो. तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बादलीतल्या मधात धूळ असते, माश्यांचे अवशेष असतात, आणि काही जिवाणूंचे बीजाणूही असू शकतात. घरी भाजले तर पहिली २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली भाग धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद, मध यांतले काहीही न लावता स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा.

आणि आता ते बाळ

मधातल्या बीजाणूंचा उल्लेख आला, तो चौथ्या गिऱ्हाइकासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू माती-धुळीत सर्वत्र असतो आणि तिथून त्याचे बीजाणू कधी कधी मधात येतात. मोठ्या माणसाने ते गिळले तरी काही होत नाही. आतड्यात आधीच वस्तीला असलेले इतर जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून व्हायची असते. मोकळ्या रानात तण माजावे तसे बीजाणू तिथे रुजतात आणि विष तयार करतात. हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच तोडते. या आजाराला इन्फंट बॉट्युलिझम म्हणतात. तो १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला आणि त्याच्या कारणांत मधाचे नाव लवकरच पुढे आले.

सुरुवात अगदी साधी असते. बाळाला शी होत नाही. मग दूध ओढायला जोर राहत नाही, रडणे क्षीण होते, पापण्या जड होतात, मान आणि हातपाय लुळे पडतात. घरचे म्हणतात, 'बाळ शांत झालंय, झोपतंय छान.' शेवटी श्वासाचे स्नायू थकतात आणि बाळाला आठवडेच्या आठवडे श्वासयंत्रावर ठेवावे लागू शकते. कड्यासारख्या गावातून त्यासाठी नगर किंवा बीड गाठावे लागते. ऊसतोडीच्या फडावर, कोपीत असलेल्या बाळाचे हे लक्षण कोणाच्या लक्षात येण्याआधीच वेळ निघून जाऊ शकते.

इथे मध असली की नकली हा प्रश्न पूर्ण निरुपयोगी ठरतो. अस्सल, रानातला, स्वतःच्या डोळ्यांदेखत काढलेला मधही तितकाच धोक्याचा. मध उकळूनही उपयोग नाही. हे बीजाणू मारायला दाबाखाली १२१ अंश तापमान लागते. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध नाही: बोटाने नाही, अंगठीने नाही, गुटीत उगाळून नाही, चोखणीला लावून नाही.

यावर आजीचे उत्तर ठरलेले असते. आशाताई सांगू लागली, "आजी, लेकराला मध नका चाटवू," की आजी म्हणते, "अगं, आमची समदी लेकरं मधावरच वाढली की." आजी खोटे बोलत नाही. प्रत्येक मधात बीजाणू नसतात आणि असले तरी प्रत्येक बाळ आजारी पडत नाही. भारतात या आजाराची नोंदही क्वचित होते. पण निदानाला विशेष तपासण्या लागतात, त्यामुळे नोंद नाही म्हणजे आजार नाही असे म्हणता येत नाही. शिवाय उदाहरणे नेहमी वाढलेल्या लेकरांचीच दिली जातात. त्या पिढीत न वाढलेली लेकरे कशाने गेली, हे कोणी तपासले नव्हते.

आणि बॉट्युलिझम बाजूला ठेवला तरी या प्रथेचा रोजचा तोटा उरतोच. मधाच्या बोटाने पोटात पहिली जाते ती बोटावरची घाण. गोडाने बाळाची भूक मंदावते आणि अंगावर घ्यायला उशीर होतो. पहिल्या तासात मिळायला हवे ते आईचे पिवळसर चिकाचे दूध, ज्यात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये असतात. ते सहा महिने पुरे, वर पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि २०१६ पासून केंद्र सरकारचा 'माँ' कार्यक्रमही. मधाचे बोट या दुधाच्या आड येते.

मराठीत 'मधाचे बोट लावणे' म्हणजे खोटी आशा दाखवणे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी ठरते. पण आजीला हसून किंवा झिडकारून प्रश्न सुटणार नाही. तिला मध चाटवायचा नसतो; नातवाच्या आयुष्यातले पहिले गोड काम तिच्या हातून व्हावे, एवढीच तिची इच्छा असते. मग ते काम तिला द्यावे. बाळाला पहिल्यांदा आईच्या छातीशी आजीनेच लावावे. सोन्याची अंगठी बाळाच्या कपाळाला टेकवावी, जिभेला नाही. मधाचा मान बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला, तिच्याच हातून.

यंत्रणेलाही थोडे करता येईल आणि त्याला खर्च येत नाही. प्रसूतीनंतर घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर 'वर्षभर मध नाही' ही एक ओळ मराठीत, ठळक छापावी. वॉर्डातल्या परिचारिकेने ती बाळंतिणीच्या बरोबरीने सासूला आणि आईलाही वाचून दाखवावी, कारण बाटली त्यांच्याच पिशवीत असते. आशाताईने घरभेटीत 'दूध पितंय का' याच्या जोडीला 'मध दिला का' हेही विचारावे. मध विकणाऱ्यांनी बाटलीवर हाच इशारा मोठ्या मराठी अक्षरांत लिहावा. कड्याच्या बाजारात ती पाव किलोची बाटली उद्याही विकली जाईल आणि विकली जावी. खोकणाऱ्या मुलाला ती उपयोगी पडेल, पोळीवर चमचाभर घेऊन घरच्यांना चव मिळेल. फक्त आजीने ती घेतली की कोणीतरी एवढे विचारावे: "आजी, नातू किती महिन्यांचा झाला?"